बघून सांगतो

“आडवं कुठे व्हायचं?” मिस्तरींनी दारातच विचारलं.

समोरच्या बाईंना क्षणभर कळलंच नाही. मग त्या हसल्या. “आडवं नाही व्हायचं हो. ते सिनेमात. इथे नुसतं बसायचं. आवडेल ती खुर्ची घ्या.”

खुर्च्या दोनच होत्या आणि एकीवर बाईंची शाल पडलेली होती, त्यामुळे आवडीनिवडीचा तसा प्रश्न नव्हता. मिस्तरी दुसरीच्या कडेवर टेकले. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, बायकोने बळेच घालायला लावलेला, आणि तो घामाने पाठीला चिकटला होता. बाईंची खोली चौथ्या मजल्यावर. बायको लिफ्टने वर आली, मिस्तरी जिन्याने. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस धापा टाकत जिना चढतोय, हे खालच्या रखवालदाराला माहीत असतं तर त्याला चार दिवस पुरेल एवढी करमणूक झाली असती.

मिस्तरींनी खोलीवर नजर फिरवली. एक खिडकी, तिचा पडदा एका बाजूने निसटलेला. टेबलावर कागदी रुमालांचा डबा, येणाऱ्याच्या बरोबर हाताशी येईल असा ठेवलेला. म्हणजे इथे लोक रडतात तर. त्यांनी तो डबा बोटाने हळूच लांब सारला. कोपऱ्यातला पंखा मान फिरवताना एका जागी अडखळत होता. त्याचा आतला दात झिजलाय, एवढं त्यांना बसल्याबसल्या कळलं आणि जरा धीर आला. या खोलीत निदान एका गोष्टीतलं तरी त्यांना काही कळत होतं.

बाईंनी आधी इथली रीत सांगितली. इथे बोललेलं इथेच राहील. कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच त्या बाहेर बोलतील, तेही मिस्तरींना सांगून. त्या मानसशास्त्राच्या होत्या, गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यावंसं नाही वाटलं, तर सरळ नाही म्हणायचं.

“आणि आणखी एक,” त्या म्हणाल्या, “इथून जाताना हलकं वाटेलच असं नाही. सुरुवातीला काही जणांना जास्तच जड वाटतं.”

“म्हणजे औषध नाही, आडवं व्हायचं नाही, आणि वर जास्त दुखणार,” मिस्तरी म्हणाले. “मग लोक येतात कशाला?”

“काही जण एकदा येतात आणि परत येत नाहीत,” बाई म्हणाल्या.

“दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात?”

“ते आज नाही सांगता येणार. अजून मी तुमचं काही ऐकलंच नाही.”

हे मात्र मिस्तरींना पटलं. झाकण उघडायच्या आधीच ‘आत्ता चालू करून देतो’ म्हणणाऱ्या माणसांवर त्यांचा कधीच विश्वास बसला नव्हता. ते खुर्चीत जरा मागे सरले.

तसा रोग म्हणावा असं काही नव्हतं. बायकोच्या लक्षात आलं ते एका सवयीवरून. लिफ्टच्या कामात एक शिस्त असते. लिफ्ट ज्या उंच पोकळीतून वरखाली करते तिला हे लोक विहीर म्हणतात. एक जण त्या विहिरीत, लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करतो. दुसरा वर मशीनच्या खोलीत बटणापाशी. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. टपावरचा ओरडतो, “वर!” मशीनवाला आधी तोच शब्द परत देतो, “वर!” आणि मगच बटण दाबतो. “थांब!” म्हटलं की आधी “थांब!” परत यायचा आणि बटण सुटायचं. मिस्तरींच्या तोंडात हे इतकं बसलं होतं की घरी बायको “मीठ” म्हणाली की तेही “मीठ” म्हणायचे आणि मगच बरणी पुढे करायचे. “माझ्या बापाने मला पोपटाच्या गळ्यात बांधली,” असं ती चारचौघांत सांगायची आणि स्वतःच हसायची.

मग त्यांचा जोडीदार लंबू गेला आणि पोपट गप्प झाला. आता ती “मीठ” म्हणायची आणि बरणी मुकाट्याने पुढे यायची. तिला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. ते ओसरेना. जेवता जेवता मिस्तरी मध्येच घास हातात धरून कान देत बसायचे. कामावर विहिरीच्या दारात उभे राहिले की चौकट सोडायचे नाहीत, म्हणून साहेबांनी त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, सुटे भाग काढून द्यायला. घरच्या डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त तपासलं आणि शेवटी हात टेकले.

“मला काय वेड लागलंय?” मिस्तरींनी बायकोला विचारलं होतं.

“नाही हो,” ती म्हणाली. “वेड लागलं असतं तर निदान बोलला तरी असतात.”

आता बाई म्हणाल्या, “कुठूनही सुरू करा.”

मिस्तरींनी लंबूपासून सुरू केलं. लंबू त्यांचा जोडीदार. दोघं एकाच सुमारास कामाला लागलेले, दोघांनी एकाच उस्तादाच्या शिव्या खाल्लेल्या. हा उंच म्हणून लंबू. टपावर सरळ उभं राहता यायचं नाही, म्हणून सगळी नोकरी त्याने पाठ वाकवून केली आणि त्यावरून सगळ्यांची बोलणी हसत ऐकून घेतली. बाहेर माणूस भलता घाईचा. चहा असा प्यायचा की जीभ कशी भाजत नाही याचं नवल वाटावं. पण विहिरीत उतरला की मुंगीच्या पावलांनी चालायचा.

“त्या दिवशी तो टपावर होता. मी वर मशीनपाशी. थांब म्हणाला. मी थांब म्हणालो. बटण सोडलं. मोटार थांबली. लिफ्ट नाही थांबली, मॅडम. हातभर वर सरकली.”

“हातभर,” बाई म्हणाल्या.

मिस्तरींनी झटकन वर पाहिलं. किती महिन्यांत त्यांचा शब्द कुणी परत दिला नव्हता. लोक मध्येच तोडायचे, सुस्कारा टाकायचे, पाठीवर हात ठेवायचे. शब्द परत कुणी दिला नव्हता. त्यांना एकदम ओळखीचं वाटलं.

“हातभर. वर तुळई होती. तो वाकून रुळाला तेल देत होता.”

“वाकून तेल देत होता.”

“हो. टप आणि तुळईच्या मधे सापडला. मग चौकशी झाली. ब्रेक खोलला. वजनं टाकून लिफ्ट चालवून बघितली. दहा वेळा म्हटलं, शंभर वेळा म्हटलं, तेवढ्या वेळा जागच्या जागी थांबली. यंत्रात बिघाड आढळला नाही, असं झालं. अजून चालू आहे ती. लोक वरखाली करतात.”

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. मग अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही शब्द ऐकलात, परत दिलात, लगेच बटण सोडलंत. यात तुमची काही चूक नव्हती.”

मिस्तरी उठले. “येतो, मॅडम.”

“अजून बराच वेळ आहे आपल्याकडे.”

“नको. झालं.”

बाहेर बायको एक जुनं मासिक उलटंसुलटं करत बसली होती. ती धडपडत उठली. “एवढ्यात? काय म्हणाल्या?”

“सगळे म्हणतात तेच,” मिस्तरी म्हणाले आणि जिन्याकडे वळले. या वेळी ती लिफ्टने गेली नाही. त्यांच्या मागोमाग चारही मजले उतरली.

‘तुमची चूक नाही’ या वाक्यात एवढं चिडण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. बायकोलाही वाटलं. पण ते वाक्य पुढे कुठे जातं ते मिस्तरींना स्टोअरच्या खिडकीत रोज ऐकू येत होतं. आठवड्याभरात एक वायरमन ब्रेकचं अस्तर न्यायला आला. तोंडाळ माणूस, पण वाईट नव्हे. खिडकीवर कोपर टेकून तो सोबतच्या माणसाला समजावून सांगत होता.

“बघ, मशीन ओके. मिस्तरी तर काय, सोन्यासारखा माणूस, ते ओके. मग राहिलं कोण? आपले लंबूशेठ. आवाज द्यायच्या आधीच उठले असणार. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत, पण घाई नडली त्याला. काय मिस्तरी?”

मिस्तरींनी अस्तर काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं. ते त्याच्या तोंडावर फेकून मारावं असं त्यांना मनापासून वाटलं. पण त्यांच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही, आणि गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं असं धरून वायरमन निघून गेला. जो येई तो मिस्तरींच्या डोक्यावरून चूक उचलायचा आणि सांत्वन केल्याच्या समाधानात लंबूच्या डोक्यावर ठेवायचा. मेलेला माणूस ती खाली कशी ठेवणार?

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, “बाजारात वहिनी भेटल्या होत्या.” वहिनी म्हणजे लंबूची बायको. “विचारत होत्या, भाऊजी आमच्यावर रागावलेत का. लंबूभाऊजींना पोचवून आलात, त्यानंतर तुम्ही त्यांच्या दारात पाऊल टाकलेलं नाही.”

“काय घेऊन जाऊ तिच्याकडे?”

“अहो, रिकाम्या हाताने जा. तुम्हाला कोण फळं आणायला सांगतंय?”

मिस्तरी फळांबद्दल बोलत नव्हते. पण ते तिला कसं सांगायचं हे त्यांना कळेना. परवाच वहिनी समोरून येताना दिसल्या तेव्हा ते एका दुकानात शिरले होते आणि दुकानदाराने काय हवं म्हणून विचारल्यावर नुसतेच उभे राहिले होते, हेही त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात मिस्तरी आपण होऊन बाईंकडे गेले. एकटेच. बरं व्हायचं म्हणून नव्हे, तक्रार करायला. काम बिघडवून गेलेल्या माणसाला त्याचं काय चुकलं ते सांगायला हवं, नाहीतर तो दुसरीकडे जाऊन तेच करतो, एवढाच त्यांचा हेतू होता, निदान जिना चढताना तरी.

“मागच्या वेळी तुम्ही चुकलात,” ते उभ्याउभ्याच म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला. “सांगा.”

“चूक माझी नाही म्हणालात. बिघाड सापडला नाही. मग तुमच्या म्हणण्याप्रमाणे चूक कुणाची?”

बाईंनी चष्मा टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “तुमच्या मित्राची. तसा अर्थ झाला. माझ्या लक्षात आलं नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी घाईने बोलले.”

“घाई नाही करायची,” मिस्तरी म्हणाले आणि बसले.

“बरं झालं येऊन सांगितलंत. बरेच जण सांगत नाहीत, नुसते यायचे थांबतात.”

शिकलेली बाई आपली चूक इतक्या सहज पदरात घेईल असं मिस्तरींना वाटलं नव्हतं. भांडणाची तयारी करून आलेल्या माणसाची पंचाईत होते तशी त्यांची झाली. आणलेला राग कुठे ठेवावा ते कळेना. पंखा अडखळत फिरत होता. बाई काही विचारत नव्हत्या. कुणीच काही विचारत नाही म्हटल्यावर मिस्तरी बोलले.

“तो लगेच नाही गेला, मॅडम.”

“लगेच नाही गेला.”

“मी पळत खाली आलो. वरच्या मजल्याचं दार उघडलं. त्या इमारतीचा रखवालदार माणसं आणायला धावला होता. लंबू तिथेच अडकलेला, माझ्या हाताच्या अंतरावर. डोळे उघडे होते. चांगला शुद्धीत होता. मला म्हणाला, माझं काही चुकलं का रे?”

बाईंनी या वेळी शब्द परत दिला नाही.

“आणि मी म्हणालो, थांब, बघून सांगतो.”

मिस्तरी पंख्याकडे बघत बोलू लागले.

“आमच्या उस्तादाने पहिल्या दिवशी तेच शिकवलं होतं. न बघता सांगायचं नाही. कुणीही विचारू दे, मालक विचारू दे, साहेब विचारू दे, काय बिघडलंय विचारलं की आधी बघायचं. नाहीतर कानफटात बसायची. तोंडातच बसलंय ते. घरी पोरीने विचारलं, बाबा, चप्पल कुठे आहे माझी, तरी मी म्हणतो बघून सांगतो. तसं म्हणालो. आणि खरंच बघायला गेलो हो मी. वर. मशीनच्या खोलीत. ब्रेकला हात लावून बघितला. गरम आहे का, तेल आलंय का. तो तिथे तसा, आणि मी ब्रेक बघतोय. खाली आलो तर...”

रुमालांचा डबा लांब होता. बाईंनी तो पुढे केला नाही, आणि त्याचं मिस्तरींना बरं वाटलं. त्यांनी बाहीने तोंड पुसलं.

“बघायचं काय होतं त्यात? माझ्या कानांनी ऐकलं होतं ना मी. शब्द वेळेवर आला होता. रोजच्यासारखा. नाही रे, तुझं काही नाही चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. मला माहीत होतं. तेव्हाच माहीत होतं.”

बाईंचेही डोळे भरले होते, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. “हे आणखी कुणाला माहीत आहे?” त्यांनी विचारलं.

“कुणाला नाही. बायकोलाही नाही.”

मग बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. “आपली वेळ संपत आली. अशा ठिकाणी थांबवणं मलाही जिवावर येतं.”

“असं उघडं टाकून जायचं?” मिस्तरींना खरोखरच धक्का बसला. “आम्ही विहिरीचं दार असं उघडं टाकून जात नाही. कुणीतरी पडेल.”

“मग काय करता, काम अर्धं राहिलं तर?”

“दार बंद करतो. पाटी लावतो. काम चालू आहे म्हणून.”

“तसंच करू या,” बाई म्हणाल्या. “घरी कोण आहे आज? तुमच्याजवळ कुणी बसेल का?”

“बायको आहे.”

“सगळं सांगायची गरज नाही. आज आतून फार हललोय, एवढं सांगितलंत तरी पुरे.”

मिस्तरींनी तेवढं सांगितलं. बायकोने हातातलं काम ठेवलं आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली. काय हललंय ते तिने विचारलं नाही.

त्यानंतर मिस्तरी दर आठवड्याला जाऊ लागले. बाईंनी सांगितलं होतं ते खोटं नव्हतं. जास्तच दुखायला लागलं. आधी निदान आत सगळं बधिर होतं. आता नळ सोडून न्हाणीघरात रडायला यायचं, पोरीने वाटी जोराने आपटली तरी अंगावर काटा यायचा. दोनदा ते बायकोवर विनाकारण ओरडले. “हेच शिकवतात का तिथे?” असं ती म्हणाली, आणि ते बरोबरच होतं. काही आठवडे ते बाईंकडे जाऊन लंबूबद्दल अवाक्षरही काढायचे नाहीत. उस्तादाबद्दल बोलायचे, वडिलांबद्दल बोलायचे, ज्यांनी पोराचं कौतुकसुद्धा कधी नीट तपासून घेतल्याशिवाय केलं नाही. आपण बरे होतोय की आणखी बिघडतोय ते त्यांना सांगता येत नव्हतं. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मलाही रोज कळतं असं नाही.

एके दिवशी बोलता बोलता बाईंनी विचारलं, “तुमच्या वहिनींना काय माहीत आहे?”

“लोक सांगतात ते. घाई केली म्हणून.”

“घाई केली म्हणून,” बाई म्हणाल्या.

जा असं त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मिस्तरी गेलेही नसते. बिघाड सापडेल, मग ताठ मानेने वहिनींकडे जाऊ, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. रिकाम्या हाताने जायचं नाही. पण बिघाड सापडणार नव्हता. स्टोअरच्या खिडकीत बसून तर नव्हताच, आणि विहिरीत उतरूनही नव्हता. हे त्यांना बाईंच्या खुर्चीत बसल्याबसल्या कळलं.

रविवारी दुपारी ते लंबूच्या घरी गेले. तळमजल्यावरच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या. दार उघडंच होतं. वहिनी जमिनीवर बसून मटार सोलत होत्या, समोर पातेलं, मांडीजवळ शेंगांचा ढीग.

“या,” त्या म्हणाल्या. “वाट चुकलात?”

मिस्तरींनी चपला काढल्या आणि त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. वहिनी वाळल्या होत्या. पोरं कशी आहेत, त्यांनी विचारलं. बरी आहेत, वहिनी म्हणाल्या; दोघं मामाकडे गेलीत. मिस्तरींनी ढिगातली एक शेंग उचलली आणि ती सोलायला लागले, कारण हात मोकळे ठेवून ते बोलता आलं नसतं.

“वहिनी, लंबूने घाई नव्हती केली.”

वहिनींचे हात थांबले.

“थांब म्हणाला तेव्हा अगदी वेळेवर म्हणाला. मी ऐकलं. मी शब्द परत दिला, बटण सोडलं. लिफ्ट का सरकली ते कुणालाच सापडलं नाही. मलाही नाही सापडलं. पण त्याचं काही चुकलं नव्हतं.”

“मला तर सगळ्यांनी घाई केली म्हणूनच सांगितलं,” वहिनी हळूहळू म्हणाल्या. “आणि मला खरं वाटलं, भाऊजी. का नाही वाटणार? जेवायला बसले की गाडी सुटतेय असे जेवायचे. माझ्याबरोबर रस्त्याने कधी चालले नाहीत, सदा दहा पावलं पुढे. विहिरीत कसे असायचे ते मी कधी बघितलंय?”

“विहिरीत मुंगीसारखा असायचा.”

“हे?” वहिनींच्या ओठांवर हसू येता येता राहिलं. “मुंगीसारखे?”

“टपावर पाय ठेवायचा तर आधी तीनदा चाचपून. मी वर कंटाळून जायचो. शिव्या घालायचो त्याला.”

वहिनी पातेल्यातल्या दाण्यांकडे बघत राहिल्या. “त्यांचा शर्ट आहे आत, खुंटीला. धुतला नाही मी. रोज त्याच्याशी भांडते. सकाळी उठले की भांडते, पोरं झोपली की भांडते. एवढी कसली घाई होती तुम्हाला, कुठे जायचं होतं, आमचा विचार नाही आला का. तेवढंच बोलणं राहिलं होतं हो आमच्यात. आता त्यांच्याशी काय बोलू मी?”

आपण काहीतरी द्यायला आलो आणि उलट हिच्या हातातलं होतं तेही काढून घेतलं, असं मिस्तरींना वाटलं आणि भयंकर वाईट वाटलं.

“काही बोलले का ते?” वहिनींनी विचारलं. “शेवटी?”

नाही म्हणणं सोपं होतं. रखवालदाराशिवाय तिथे दुसरं कुणी नव्हतं, आणि तोही धावत गेलेला. कुणाला कधी कळलं नसतं. मग मिस्तरींनी सांगितलं. लंबूने काय विचारलं ते सांगितलं, आपण काय म्हणालो ते सांगितलं, आणि कुठे गेलो होतो तेही.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. “मग तुम्ही खाली आलात तेव्हा?”

“गेला होता.”

“म्हणजे एकटेच होते.”

“हो, वहिनी.”

त्या रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. बोलल्या असत्या तर मिस्तरींनी निमूट ऐकून घेतलं असतं. त्यांनी पदराला चिकटलेलं एक साल काढलं, जमिनीला हात टेकून उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. दार लोटलं गेलं.

मिस्तरी बसून राहिले. आता आपण जावं, की ती बाहेर येईपर्यंत थांबावं, हे त्यांना ठरवता येईना. ती बाहेर येणार नाही असंही त्यांना वाटलं. गल्लीत कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

मग आतून वहिनींचा आवाज आला. मोठा, त्रासिक, नवऱ्याला तिसऱ्यांदा हाक मारताना बायकांचा असतो तसा.

“अहो, ऐकलंत का? भाऊजी आलेत. तुमचं काही चुकलं नव्हतं म्हणतात.”

आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, “काही नव्हतं चुकलं.”

बाहेर मिस्तरींनी हातातली शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले आणि दुसरी शेंग घेतली.